कोल्ड केटल बँडमधला माझा सेट

मसाल्याच्या डब्यात आपण जिरं, मोहरी, हळद अगदी निगुतीनं वेगवेगळी भरतो. सहा महिन्यांनी बघावं तर तळाशी सगळ्यांची मिळून एक निराळीच भुकटी जमलेली असते. ती कुणी घातलेली नसते. किस्स्यांचं तसंच आहे. मी एका स्कॉटिश बँडबरोबर दहा वर्षं व्हायोलिन वाजवलं, ते काही म्हातारपणी चहाबरोबर सांगायला किस्से मिळावेत म्हणून नाही. पण हॅरोच्या आमच्या घरी गुरुवारी दुपारी मैत्रिणी जमतात आणि पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "कुमुद, तुझ्या त्या बँडचं काढ की!" मग आमचे हे पेपर उचलून वरच्या मजल्यावर निघून जातात. त्यांना सगळे किस्से पाठ आहेत, आणि निम्म्यांत ते स्वतःच अडकलेले आहेत.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. बँडचं नाव कोल्ड केटल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयरशायरमध्ये एका छोट्या गावातला बँड, लग्नांना आणि हॉलमधल्या नाचांना वाजवणारा. ह्यूच्या वडिलांनी तो महायुद्धाच्या आधी सुरू केला. माणसं बदलत गेली, बँड काही बंद पडला नाही. आजही चालू आहे. माझ्या वेळी ह्यू म्होरक्या होता. धंद्यानं सुतार, आणि वाजवायचा फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. त्याची बहीण मॉयरा शाळेत मुलांची जेवणं रांधायची, बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायची आणि गायची. सँडी दिवसभर डबलडेकर बस चालवायचा आणि शनिवारी बॅगपाइप फुंकायचा. चौथी मी, कुमुद केळकर, मूळची मिरजेची, त्या स्कॉटिश गावच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर केळकरांची बायको. माझ्या नावापुढे बँडच्या पत्रकावर काय छापायचं हे त्यांना दहा वर्षांत ठरवता आलं नाही.

*

मी बँडमध्ये शिरले ती ह्यूच्या बोटातून.

सदुसष्टचा हिवाळा. लाकूड तासताना पटाशी सटकली आणि ह्यूच्या डाव्या हाताचं बोट चांगलंच कापलं. हॉस्पिटलमध्ये टाके घालायला आमचे हे होते. ह्यूला बोटाचं काही वाटत नव्हतं, शनिवारच्या नाचाला फिडल कोण वाजवणार याचीच त्याला काळजी पडली होती. यांनी टाका घालता घालता सांगून टाकलं, "माझी बायको वाजवते."

ह्यूनं विचारलं, "रील वाजवतात त्या?" रील म्हणजे त्यांची नाचाची जलद धून.

"ती काहीही वाजवते," हे म्हणाले.

आता यांना भूप आणि भोंगा यांतला फरक कळत नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा घरी व्हायोलिन लावायला बसले तेव्हा अर्ध्या तासानं यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी अजून तारा जुळवतच होते. पण ह्यूला हे कुठून माहीत असणार? त्यानं बोटाला बँडेज असतानाच आमच्या क्वार्टर्सचं दार वाजवलं, स्वयंपाकघरात बसून तोंडानं आठ धुना गाऊन दाखवल्या, आणि मी त्या सरगमीत उतरवून घेतल्या. शनिवारी साडी नेसून, वर कार्डिगन घालून मी हॉलवर हजर झाले.

ह्यूनं माझ्यासाठी खुर्ची मांडली. मी म्हटलं, "सतरंजी आहे का?"

आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. एक टोक खांद्याशी, दुसरं उजव्या पावलावर. ह्यूनं ते तोपर्यंत बघितलं नव्हतं. सतरंजी कुठली मिळायला! शेवटी स्टेजचा एक जुना पडदा घडी करून घातला आणि मी पियानोशेजारी जमिनीवर बसले. नाच झकास झाला. मध्यंतरात दुसऱ्या रांगेतल्या एक आजी ह्यूला म्हणाल्या, "तुझा हात बरा होईपर्यंत रेकॉर्ड लावलीस ते छान केलंस हो. अगदी खरी वाटते."

*

ह्यूचं बोट तीन आठवड्यांत बरं झालं. मला वाटलं, संपलं. पण चौथ्या शनिवारी तो पुन्हा दारात, म्हणाला, दोन फिडल असले की बरं असतं. मी एका पायावर तयार होते.

फक्त एक गोष्ट होती, आणि ती मी इथंच सांगून टाकते, कारण पुढची दहा वर्षं ती माझ्या डोक्यातून गेली नाही. कोल्ड केटलचा एक कायदा होता. तीन-चार धुना एकापाठोपाठ जोडून वाजवायच्या, त्याला सेट म्हणायचे. सेट जो सुरू करील, त्याचा. कुठली धून घ्यायची, लय किती, संपवायचं कधी, सगळं त्यानंच ठरवायचं. बाकीच्यांनी निमूटपणे मागून जायचं. खुद्द ह्यूसुद्धा दुसऱ्याच्या सेटमध्ये ब्र काढत नसे. दर नाचाला प्रत्येकाचा निदान एक सेट व्हायचा. ह्यूचा, मॉयराचा, सँडीचा. माझा नाही.

मिरजेला मी बाराव्या वर्षापासून साथ केली. गवई पुढे, मी मागे आणि डावीकडे. चांगली साथ करायचे मी, लोक मुद्दाम बोलवायचे. पण माझ्या मागून कुणी आलंय असं कधी झालं नाही. इतक्या लांब, जिथं मला कुणी ओळखत नाही, तिथं तरी एकदा माझा सेट व्हावा असं मला फार वाटायचं. अगदी पोरकटपणे वाटायचं. मागून घ्यायची मात्र सोय नव्हती. ह्यूनं स्वतःहून द्यायचा, अशी रीत.

*

दरम्यान ह्यूनं माझ्यासाठी चौरंग बनवला. जमिनीवर बसले की मी कुणाला दिसत नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं. सुतारच तो! उत्तम ओक वापरला, कडेला वेलबुट्टी कोरली, आणि स्टेजवर न्यायला-आणायला सोपा जावा म्हणून खाली चार चाकं बसवली. चाकांना ब्रेक लावायचा राहिला.

पहिला कार्यक्रम शेजारच्या गावातल्या जुन्या नाट्यगृहात होता. त्या स्टेजला प्रेक्षकांकडे आणि किंचित उजवीकडे उतार. पहिल्या दोन धुना सावकाश होत्या, काही झालं नाही. तिसरी रील लागली. सँडी पाय आपटायला लागला, फळ्या थरथरायला लागल्या आणि मला वाटलं, मॉयरा मागे मागे का जातेय?

मॉयरा जागेवरच होती. मी निघाले होते. पायावर व्हायोलिन, मांडी घातलेली, दोन्ही हात गुंतलेले. उतरणार कशी आणि धून सोडणार कशी? मी अगदी सावकाश, वाजवत वाजवत, ह्यूच्या पुढून गेले. त्यानं मान लववली. मग सँडीच्या पुढून गेले. शेवटी उजवीकडच्या विंगेत जाऊन अंधारात थांबले आणि तिथून धून पुरी केली.

लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "फार सुंदर. आता परतीचा प्रवास कधी आहे?"

*

मॉयराचं आणि माझं पहिल्यांदा वाजलं ते साथीवरून.

दर रविवारी दुपारी एका पबच्या वरच्या खोलीत गाण्याची बैठक व्हायची. तिथं नाच नाही, वाद्यं नाहीत. एकेकानं उठून जुनी गाणी म्हणायची. मॉयराच्या एका गाण्याला चोवीस कडवी होती. त्यात एक बुडालेलं जहाज होतं, एक वाट बघणारी बाई होती आणि बाकी समुद्रच समुद्र होता. मला वाटलं, बिचारी एकटी गातेय, कुणी साथ नाही. मी व्हायोलिन काढलं आणि आपल्याकडे करतात तशी साथ सुरू केली. तिची ओळ संपली की तीच ओळ मागून हळूच. जशी हरकत, तशीच हरकत.

मॉयरा दुसऱ्या कडव्याला चमकली. पाचव्याला तिनं माझ्याकडे वळून बघितलं. नवव्याला ती मुद्दाम एक वाकडी जागा घेऊन थांबली. मीही तीच वाकडी जागा घेऊन थांबले. मला वाटलं, काय रंगलीये बाई! गाणं संपल्यावर ती खाली निघून गेली आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. ह्यूनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मिसेस के, तुम्ही तिला वेडावून का दाखवत होता?"

मी हादरलेच. आमच्याकडे याला मान देणं म्हणतात, हे समजावून सांगायला मला त्याला घरी नेऊन शेजघरातली तानपुऱ्याची तसबीर आणि मिरजेची सगळी वंशावळ काढावी लागली. ह्यूनं ते बहिणीच्या कानावर घातलं. पुढच्या रविवारी मॉयरा गायला उभी राहिली, गळा साफ केला, आणि सुरू करायच्या आधी माझ्याकडे बघून दरडावली, "हं! कुठंय माझा मान?"

*

त्याच खोलीतलं आणखी एक. गाताना तिथं इतकी शांतता असायची, की लोक पेलासुद्धा रुमालावर ठेवायचे. दाराशी एक रिटायर्ड सार्जंट बसायचा. कुणी खोकलं तरी त्याच्याकडे रोखून बघायचा. अशात मॉयरानं एकदा वरचा सूर असा काही लावला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

सार्जंट उठून माझ्यापर्यंत आला. ओठांवर बोट ठेवलं. परत जाऊन बसला.

मी मॉयराला नंतर सांगितलं, की आमच्याकडे कुणी वा म्हणालं नाही, तर गाणं पडलं असं समजतात. पण दोन रविवार झाले, तीन झाले, मी तोंडाला कुलूप लावून बसलेली. चौथ्या रविवारी गाणं संपल्यावर मॉयरा हिरमुसून म्हणाली, "आज तरी वाईट नव्हतं माझं."

सार्जंटला ते सहन झालं नाही. पुढच्या आठवड्यात तोच वरचा सूर आला, आणि दारातून परेडवर हुकूम सोडावा तसा आवाज आला, "वा!" दोघांच्या हातातली बिअर सांडली.

*

बॅगपाइपला थंडी सोसत नाही. गार हॉलमध्ये आणलं, की तासभर सूर सरकत राहतो आणि मग आम्ही सगळे त्याच्यामागे तारा पिळत बसतो. सँडी बस चालवायचा तेव्हा पाइप सीटखाली हीटरजवळ ठेवायचा. त्याच्या बसमधले उतारू सांगायचे, खड्ड्यातून बस गेली की खालून कुणीतरी कण्हतं.

एका डिसेंबरात हॉस्पिटलमध्ये पेशंटसाठी दुपारचा कार्यक्रम ठरला. सँडी कडाक्याच्या थंडीत चालत आला. पाइप गार पडलेला, वाजवायला अर्धा तास उरलेला. मी म्हटलं, द्या इकडे. पेशंटची ब्लँकेटं गरम ठेवायचं एक कपाट असतं, ते मला माहीत होतं. एका ब्लँकेटमध्ये गुंडाळून मी पाइप वरच्या कप्प्यात ठेवला आणि साडी ठीक करायला गेले.

तेवढ्यात सिस्टर आली. शिस्तीची बाई. तिनं वरचं ब्लँकेट जरा जड का म्हणून ओढलं, छातीशी धरलं, आणि पिशवीत राहिलेली सगळी हवा त्या पाइपनं एकदम सोडली. असा विव्हळला म्हणे, की वॉर्डातले दोन पेशंट कुणीतरी गेलं असं समजून रडायला लागले. सिस्टरनं मात्र ब्लँकेट सोडलं नाही. ट्रेनिंगच तसं. तिनं ते अलगद कॉटवर ठेवलं आणि डॉक्टर केळकरांना बोलावणं पाठवलं.

हे आले. ब्लँकेटचं टोक उचललं, आत बघितलं, पुन्हा झाकलं. म्हणाले, "सिस्टर, हा माझा पेशंट नाही. माझ्या बायकोचा आहे."

*

आता सेट मला का मिळत नव्हता, त्याकडे येते.

सेट संपत आला हे बाकीच्यांना कळवायला जो पुढे असेल त्यानं पाय उचलायचा. हात गुंतलेले, तोंडानं बोललं तर नाचणाऱ्यांना ऐकू जाणार, म्हणून पाय. पाय वर गेला की ही शेवटची फेरी. कोल्ड केटल या बाबतीत इतका तयार होता, की एका लग्नात टेबलाखालच्या कुत्र्यानं ह्यूचा घोटा चाटला, त्यानं दचकून पाय वर घेतला, आणि त्या फेरीअखेर आम्ही चौघांनी कचकन थांबवलं. हॉलमध्ये आठ-आठ जणांची कडी, अर्ध्या बायका गिरकीत. त्या तशाच फिरत फिरत जाऊन भिंतीला लागल्या. ह्यू मला नंतर म्हणाला, "बघितलंत? पाय म्हणजे पाय."

आणि माझा पाय व्हायोलिनखाली! तो उचलला तर व्हायोलिनच उडेल. हे एक कारण.

दुसरं कारण मीच दिलं. नाच सुरू व्हायच्या आधी आणि संपला की बँडनं एक लांब सूर धरायचा आणि त्यावर जोडप्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, अशी तिथली पद्धत आहे. एका शनिवारी ह्यूचा सेट असा काही रंगला, की मला राहवलं नाही आणि शेवटाला मी तिहाई घेतली. आपल्याला सवयच ती! एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याला समेवर. पहिला तुकडा संपला, सगळा हॉल वाकला. उठतात न उठतात तो दुसरा संपला, सगळे पुन्हा वाकले. तिसऱ्याला परत. साठ-सत्तर माणसं, तीन-तीनदा! गावचे निवृत्त पोस्टमास्तर तिसऱ्या वेळी वाकले ते वर आलेच नाहीत. कंबर धरली.

आमचे हे दाराशी पेपर वाचत बसलेले. त्यांना उठून पोस्टमास्तरांना सरळ करावं लागलं. घरी येताना गाडीत म्हणाले, "अगं, मला विश्रांती म्हणून आणतेस की ड्यूटीवर?"

ह्यू रागावला नाही. तो रागवायचा नाहीच. एवढंच म्हणाला, "मिसेस के, सेट ज्याचा असेल, संपवायचा त्यानं." मी समजले. त्यानंतर मी चार वर्षं तिहाईचं नाव काढलं नाही, दर शनिवारी मान खाली घालून मागून वाजवलं, आणि दर शनिवारी वाटायचं, आज म्हणेल. घरी आल्यावर हे विचारायचे, "म्हणाला?" मी म्हणायची, "नाही." मग हे माझ्यासाठी दूध गरम करायचे.

*

सत्त्याहत्तर साली यांना लंडनमध्ये नोकरी मिळाली. हॅरोला घर बघून झालं, सामान खोक्यांत गेलं. सप्टेंबरातला शेवटचा कार्यक्रम म्हणजे सँडीच्याच मुलीचं लग्न, समोरच्या बेटावर. आम्ही सगळे सकाळच्या बोटीनं गेलो. चौरंगही आला, आता त्याला ब्रेक होते. बोटीवर माझ्या मनात एकच चाललं होतं, आज नाही तर कधीच नाही. मॉयराला ते कळलं असावं. तिनं माझा हात धरून ठेवला होता.

दुपारी चारला नाच सुरू झाला. ह्यूचा सेट झाला. मॉयराचा झाला. सँडी मुलीबरोबर नाचून आला, त्याचा झाला. एकच नाच उरला, तो लांब रांगेचा. या बाजूला बायका, त्या बाजूला पुरुष, आणि जोडपी एकमेकांना गिरक्या देत रांगेतून शेवटापर्यंत जातात आणि परत रांगेला लागतात. हा नाच आपला आपण संपत नाही. बँड थांबेल तेव्हा संपतो. त्यानंतर जेवण आणि मग आमची परतीची बोट.

ह्यूनं फिडलचा गज मांडीवर ठेवला. म्हणाला, "कुमुद, हा सेट तुझा."

दहा वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा कुमुद म्हटलं. मी मूर्खासारखी म्हणाले, "पण पाय?"

"पाय राहू दे. तू डोळे मिटून वाजव. डोळे उघडलेस की शेवटची फेरी, असं आम्ही समजू."

साथ करणाऱ्यानं डोळे मिटून चालत नाही. त्याची नजर कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे. मी उभ्या आयुष्यात चार माणसांत डोळे मिटून वाजवलं नव्हतं. मॉयरानं पहिला लांब सूर दिला. सबंध हॉल वाकला, सरळ झाला. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, नवरी सगळ्यांत पुढे, सगळ्यांचे हात तयार. मी गज तारेवर ठेवला, मान उजवीकडे वळवली आणि थांबले.

एक क्षण गेला. दोन गेले. मी उजवीकडे ह्यूच्या गजाकडे बघत होते, तो केव्हा उचलतोय म्हणून. ह्यू माझ्याकडे बघत होता. मॉयरा माझ्याकडे बघत होती. सँडी पिशवी फुगवून बसलेला, त्याचा चेहरा लाल होत चाललेला, तोही माझ्याकडेच बघत होता. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मला खरोखर कळत नव्हतं, की आपण सगळे कशासाठी थांबलो आहोत.

तेवढ्यात दाराजवळून, त्या सगळ्या स्कॉटिश माणसांच्या डोक्यावरून, स्वच्छ मराठीत आवाज आला. आमचे हे पेपर खाली टाकून उभे राहिले होते.

"अगं, कुणाची वाट बघतेस? तुझ्यापुढे कुणी नाहीये. तूच आहेस."

मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

पहिली धून मी जरा भीतभीतच घेतली. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मागून मॉयरा आली. मग सँडीचा तो अखंड सूर खालून उचलून घेतल्यासारखा आला. आणि मग ह्यू. मी लय किंचित वाढवली, तर तिघेही वाढले. मी जरा धरून ठेवली, तिघांनी धरली. काय सांगू तुम्हाला! मी एक साधी मींड घेतली आणि ह्यूनं, त्या ह्यूनं, ती मागून तशीच्या तशी घेतली. मला हसू यायला लागलं, रडू यायला लागलं. फळ्या दणदणत होत्या, लोक आनंदानं आरोळ्या ठोकत होते, रांग या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन पुन्हा सुरू होत होती. दुसरी धून झाली, तिसरी झाली, मी चौथी काढली. मग पहिलीवर परत आले. किती वेळा आले ते मला ठाऊक नाही.

मग चौरंगाजवळ कुणाच्या तरी टाचा वाजल्या. सँडीची बायको जीन, नवरीची आई. तिला मी आवाजावरून ओळखलं.

"ह्यू, सूप वाढून कधीचं झालंय. गार होतंय सगळं. माझ्या बहिणीला तर उभंही राहवत नाहीये. आता थांबव हिला!"

मी डोळे आणखी घट्ट मिटले.

ह्यूचा गज माझ्या मागून येतच होता. "मला नाही थांबवता येत, जीन," तो म्हणाला. "सेट तिचा आहे."